पाझरणारा वाडगा

बाई, वसईच्या शाळेत आम्ही शिकवणारीला बाईच म्हणायचो, म्हणून तुम्हालाही तेच म्हणू लागले. तुम्ही जपानी, तरी त्या हाकेला ओ देत राहिलात. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. मी अजून मस्कतलाच आहे, दार्सैतच्या त्याच घरात, आणि अजून तुमच्यावर चिडलेली आहे.

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून टॅक्सीनं अल हैलला तुमच्या घरामागच्या अंगणात मातीची भांडी घडवायला शिकायला यायचे. खारा वारा, गॅसची भट्टी आणि चाकावर वाकलेल्या तुम्ही. माझा वाडगा गोल, गुळगुळीत निघाला की तारेनं त्याचे दोन तुकडे करायचात. "खलास. यात हात कुठे आहे?" वाकडं, डागाळत जाणारं तेच सुंदर, ही तुमची वाबी-साबी मला पटायला वेळ लागला; आमच्या घरी तडा गेलेली बशी आई ठेवून घेत नसे. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र मला लगेच घरच्यासारखं वाटलं, कारण तिथे पेज शिजत असायची. जेवण असेल म्हणून झाकण उचललं, तर पेजेत वाडगे उकळत होते. तुमची माती भाजल्यावरही पाझरायची. पेजेनं छिद्रं बुजतात, मग गिऱ्हाइकाची कटकट राहत नाही, असं तुम्ही समजावलंत.

आणि मग तुम्ही आजारी होऊन मायदेशी निघालात. अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक वाडगा माझ्या हातात ठेवलात, अंगठ्याचा खड्डा असलेला, तांदळाच्या रंगाचा. घरी येऊन चहा ओतला, तर थोड्या वेळात टेबलक्लॉथ ओला. माझा पापड मोडला. गिऱ्हाइकाला पेज आणि मला पाझर? मी तुमची शिष्या होते की वेळ घालवायला येणारी कुणी, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि वाटलं की कळलं. वाडग्यात किल्ल्या ठेवू लागले.

तुमच्या माघारी तुमचे यजमान इथलं घर आवरायला आले, तेव्हा माझ्याकडे चहाला आले होते. त्यांनी वाडग्यातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, आत अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "विकायचे ती पेजेत उकळायची. घरचे नाही. घरच्या वाडग्याचा पाझर घरच्यांनीच रोज चहा पिऊन बंद करायचा असतो." मग म्हणाले, "हॉस्पिटलात विचारायची, मस्कतचा एव्हाना बंद झाला असेल का."

बाई, एक शब्द बोलला असतात तर? मी घरची आहे हे मला पाझरणाऱ्या वाडग्यावरून कसं कळावं? त्या दिवशी मी खूप रडले आणि तुमचा रागही आला. दोन्ही अजून गेलेली नाहीत.

तेव्हापासून रोज त्यातच चहा घेऊ लागले. आतल्या बारीक भेगा तपकिरी झाल्यात. खालचं फडकं आधी चिंब व्हायचं, मग नुसतं दमट. गेल्या आठवड्यात बोट लावून पाहिलं, तर मध्यभागी तेवढा रुपयाएवढा ओलावा उरला होता.

हे पत्र कुठे टाकणार? तरी एक सांगते. परवापासून मी चहा पुन्हा स्टीलच्या पेल्यात घेतेय. तो रुपयाएवढा ओलावा मला राहू द्यायचाय.