गोमतीबाईचा पंधरावा दिवस

८ नोव्हेंबर, सकाळी ९
गोमतीबाई भांडी घासून झाल्यावर म्हणाली, २९ तारखेला टोळीचा ट्रक येणार. ती आणि नवरा दौलतसिंग ऊसतोडीला जाणार, थेट होळीपर्यंत. निकितालाही नेणार, कारण तांड्यात तिला ठेवायचं कोणापाशी? निकिता दहावीत. गणितात वर्गात पहिली.
चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, हे होणार नाही.
निश्चय: गोमतीबाई जाणार नाही. प्रश्न मुलीच्या परीक्षेचा आहे. माझ्या भांड्यांचा इथे काडीचाही संबंध नाही.

९ नोव्हेंबर
रोजगार हमीची पुस्तिका मिळवली. सातव्या पानापर्यंत वाचली. तांड्याच्या ग्रामपंचायतीत कामाची मागणी करायची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेरोजगार भत्ता. इतकं सरळ! पण लोक वाचत नाहीत. विमा कंपनीच्या क्लेम विभागात एकतीस वर्षं हेच पाहिलं. मागचं पान न वाचणाऱ्यांचे किती क्लेम परत पाठवले, गणती नाही.
उरलेली पानं उद्या.

११ नोव्हेंबर
अर्ज दिला. छापील नमुन्यातलं शुद्धलेखन लाल पेनाने सुधारून दिलं. रोजगार सेवक विनोद, वय पन्नास, पोट त्याहून पुढे गेलेलं, त्याने तारखेसह पोच दिली. कुरकुर केली नाही. संशयास्पद.
वाटेत गोमतीबाईने विचारलं, काम कवा भेटन? सांगितलं, न मिळालं तर उत्तमच, घरबसल्या भत्ता. ती म्हणाली, "भत्ता कोनं पायला बाई? काम पायजे. काम असलं त दौलतसिंग थांबते."
कायद्याची जाण नाही. येईल हळूहळू.

१५ नोव्हेंबर
वाशीमला जाऊन बॉक्स फाइल आणली. बसमध्ये उभी. लेबल इंग्रजीत, कर्सिव्हमध्ये. भत्त्याच्या क्लेमचा ड्राफ्टही तयार, अडीच पानं. कॉन्व्हेंटच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट असत्या तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला असता.
पुस्तिकेची उरलेली पानं उद्या.

१८ नोव्हेंबर
सातवा दिवस. चैन नाही. दिवसभर अंगण ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते अंगण. कॅलेंडरवर फुल्या मारते आहे. आता यांनी ऐन वेळी काम देऊन सगळं बिघडवलं नाही म्हणजे मिळवली.

२० नोव्हेंबर, दुपारी ३
दिलं!
विनोद दारात. तांड्यावर गेला होता म्हणे, गोमतीबाई बाजाराला गेलेली. "म्याडम, तिले सांगून द्या, सोमवारपासून शेततळ्याचं काम चालू होऊन राह्यलं. दोघायचंबी नाव घेतलं मी."
लेखी सूचना कुठे आहे, विचारलं. म्हणे, तोंडानं सांगून राह्यलो ना. मी म्हटलं, मी तोंड ओळखत नाही, कागद ओळखते. "कागद येते मांगून म्याडम. जागा तवरक भरून जाईन." दार लावलं. तर कुंपणापलीकडून ओरडला, "मंग नाही म्हनते असं लिवू का?" खिडकीतून सांगितलं, खुशाल लिहा.
गोमतीबाईला यातलं काही बोलले नाही. केस कमजोर झाली असती.

२४ नोव्हेंबर
गोमतीबाई सांगत होती, शेततळ्यावर तांड्यातले सहा जण लागले. आपलंच नाव काहून नाही? म्हटलं, दोन दिवस धीर धर. तिने कढई दोनदा घासली.
फाइलमधले कागद पुन्हा तारखेप्रमाणे लावले.

२६ नोव्हेंबर
पंधरावा दिवस. मोरपंखी साडीला इस्त्री केली. उद्या तालुक्याच्या ऑफिसात. गोमतीबाईलाही नेणार, हक्क कसा मिळवतात ते तिने एकदा बघावं.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळी
तिथले बाबू रतनसिंग. चष्मा कपाळावर. ड्राफ्टचं पहिलं पानही उलटलं नाही. रजिस्टर उघडून वाचलं: २० तारखेला काम देऊ केलं, नकार मिळाला, दोन साक्षीदारांच्या सह्या. काम नाकारलं की भत्त्याला तीन महिने अपात्र. पुस्तिकेत आहे, पान आठ.
मी विचारलं, निदान काम तरी? म्हणाले, शेततळ्यावर जागा भरल्या. नवीन मागणी करा, परत पंधरा दिवस धरा. ट्रक परवा आहे.
गोमतीबाई आधी बाबूकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "काम आलतं? मंग मले सांगतलं काहून नाही बाई?"
मी म्हटलं, कायदेशीर कारणं होती.
बसमध्ये ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. थकली असावी.

२८ नोव्हेंबर
गोमतीबाई आली नाही. आठवं पान वाचलं. अक्षर फार बारीक छापलं आहे. यावर तक्रार करणार.

२९ नोव्हेंबर, सकाळी ६
दार वाजलं. गोमतीबाई. मागे निकिता, डोक्यावर वळकटी, हातात दप्तर. रस्त्यावर ट्रक उभा, वरून दौलतसिंग हाका मारतोय.
म्हणाली, "परीक्षा होयेपर्यंत पोरगी तुमच्याइथं राहीन. काम तुमी घालवलं, आता हिले तुमीच सांभाळा. अन् एक सांगतो बाई, हिच्या हातानं एकबी भांडं घासून घेतलं त होळीले आल्यावर मी हाये अन् तुमी हाये."
निकिता "याडी" म्हणून आईच्या कमरेला बिलगली. तिने पोरीचे हात सोडवले, केस नीट केले आणि वळून न बघता गेली.
मी परवानगी दिली. खरं तर मुलीला इथे ठेवावं, हा विचार मूळचा माझाच.
निश्चय: गोमतीबाईच्या नकारात तिचा दोष नाही, नकार माझा होता, असं लेखी निवेदन आजच पाठवणार.

३ डिसेंबर
निवेदनाचा ड्राफ्ट: एक ओळ. पुढे सुचत नाही. असा कागद आयुष्यात कधी लिहिलेला नाही, लोकांकडून मात्र पुष्कळ लिहून घेतले.
भांडी: सतरा. वेळ: चाळीस मिनिटं. कढईचा तळ काही केल्या निघत नाही. निकिता ओट्याजवळ बसून प्रमेय पाठ करते आहे, पाण्याला हात लावत नाही. विचारलं, तुझी आई हे कशानं काढते गं?
वहीतून मान वर न करता म्हणाली, "राखेनं, आजी. अन् ती घासताना बोलत नाही."