चिंचोक्याची पट्टी

सांगली
९ ऑगस्ट २०२४

ती. काका आणि काकींस राजेश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काका, तुमचे कान तोफखान्यातच राहिले आणि काकींची जीभ या तोंडाच्या कॅन्सरनं धरली. तुमच्या घरी फोन करून बोलणार कुणाशी? म्हणून पत्र.

परवा इथल्या दवाखान्यात काकींच्या गालात आतून जी पट्टी लावली, ती आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार होते. माझी पाच वर्षं तिच्यात गेली, म्हणून तिचं कौतुक थोडं ऐकून घ्या. तोंडातली कातडी कायम ओली असते. तिथं साधं काही चिकटत नाही. ही पट्टी ओल लागली की फुगते, मऊ होते आणि धरून बसते. मग वेदनेचं औषध हळूहळू कातडीतून थेट रक्तात जातं. गिळायला नको, सुई नको. बारा तासांनी ती आपोआप विरून जाते, तेव्हा ओढून काढायची नाही. लावल्यावर अर्धा तास पाणीही नको. डॉक्टरांनी दिलेल्या वेळा मोडू नका.

काकींना झोप लागते का, ते न चुकता कळवा. सुभेदारसाहेब स्वतःच्या तब्येतीचं खोटं लिहितात, हे मला माहीत आहे.

लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
राजेश्वरी


सातारा
२७ ऑगस्ट २०२४

चि. राजेश्वरीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पट्टी गुणाची निघाली. पहिले दोन दिवस काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर तुझी काकी भिंतीला टेकून झोपलेली. मला वाटलं, काही बरंवाईट झालं. नाकाशी बोटं धरली तर तिनं डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं, की मी गुपचूप अंगणात गेलो.

आता वाटीभर पेज जाते. पाटीवर लिहून मला कामं सांगायला लागली आहे. काल लिहिलं, की तुमी केलेल्या आमटीला नुसता वास हाय, चव न्हाई. ती तोंडात घालत नाही तरी तिला कळतं. मशेरीची डबी तिनं स्वतःच उकिरड्यावर टाकली. ते दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं, पण आता बोलून काय.

शेजारच्या मनुबाई आणि बाकीच्या बायका विचारतात, पट्टी कशाची करतात म्हणून. काकीलाही त्यांच्यापुढं तुझा तोरा मिरवायचा आहे. तेवढं सविस्तर लिही.

येत जा, लिहीत जा.

तुझा काका,
उदयसिंह


सांगली
४ सप्टेंबर २०२४

ती. काका आणि काकींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून प्रयोगशाळेतच डोळे भरले. सगळ्यांना वाचून दाखवलं, आमटीसकट.

पट्टी कशाची, ते सांगते. मनुबाईंना नवल वाटेल. कोकणातल्या कारखान्यांत कोळंबी सोलली की टरफलांचे ढीग उरतात. ती धुऊन, त्यांवर प्रक्रिया करून पांढरी पूड निघते. ओल्या कातडीला धरून बसायचा गुण त्या पुडीचा. लोक जे फेकून देतात त्यातून माझ्या काकीला झोप मिळाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

असंच लिहिते राहा.

राजेश्वरी


सातारा
१२ सप्टेंबर २०२४

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. बहिऱ्या माणसाचं मोठ्यानं म्हणजे गल्लीभर. कोळंबी हा शब्द आला तशी तिनं बोट घालून पट्टी काढली आणि चुळा भरत बसली.

ती लग्नाआधीपासून माळकरी आहे, हे तू विसरलीस. मीही विसरलो. या घरात मी मटण मागच्या दारी, वेगळ्या चुलीवर शिजवून खाल्लं, भांडी माझी मी घासली. ती कधी त्यावरून बोलली नाही, पण त्या दिवशी देवघराकडं मला फिरकू द्यायची नाही. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं असेल सगळं. मी सही करायची जागा तेवढी बघितली.

तुझ्यावर राग नाही. पाटीवर तिनं लिहिलं, की पोरीनं चांगल्यासाटनंच केलं, पर गळ्यात तुळस आन तोंडात ते, आसं मला जमायचं न्हाई.

काल परत दुखायला लागलं. दुसरं काही असेल तर बघ.

काका


सांगली
२० सप्टेंबर २०२४

ती. काकांस सा. न. वि. वि.

अभिमानाच्या भरात काकींची माळ माझ्या ध्यानातच आली नाही. क्षमा मागायला शब्द नाहीत, म्हणून कामाचं लिहिते.

चिंचोक्याच्या पिठाचीही अशी पट्टी होऊ शकते. मी सुरुवात केली आहे. पण ती किती धरते, औषध किती वेळात सोडते, तोंड भाजत तर नाही ना, हे तपासून परवानगी मिळेपर्यंत वर्ष लागतं. तपासल्याशिवाय काकींच्या तोंडात मी काही घालणार नाही. तोवर डॉक्टर सुईचं औषध देतील. कृपा करून ते घ्यायला लावा.

राजेश्वरी


सातारा
६ ऑक्टोबर २०२४

चि. राजेश्वरीस,

सुईनं उलट्या होतात. अंगावर मांस उरलं नाही, सुई टोचायला जागा मिळत नाही. पदराचा बोळा दातात धरून पडून असते. मी सीमेवर जखमी माणसं उचलली आहेत, पण ती ओरडायची. ही ओरडत नाही.

वर्ष तिच्याजवळ नाही. डॉक्टर जुनीच पट्टी परत लावायला तयार आहेत, पण ती तोंड उघडत नाही. देवाखालोखाल तिचा तुझ्यावर विश्वास आहे. तू तिच्या नावानं एक पत्र लिही. काय लिहायचं ते तुला कळलं असेल. पाप लागलं तर माझ्या नावावर.

काका


सांगली
११ ऑक्टोबर २०२४

ती. काकींस राजेश्वरीचा सा. न. वि. वि.

काकी, आनंदाची बातमी आहे. चिंचोक्याची पट्टी तयार झाली. परवानगीही आली. दिसायला पहिल्यासारखीच आहे, पण तिच्यात कोळंबीचा अंशही नाही. काकांच्या हातून लावून घ्या. माझ्यासाठी तेवढं कराच.

तुमच्या हाताखाली वाढलेली,
राजेश्वरी


सातारा
२ डिसेंबर २०२४

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

तेराव्याला तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, बोलता आलं नाही. आणि माझ्याशी हळू बोलायची सोय नाही. म्हणून लिहितो.

तुझं पत्र वाचून दाखवलं त्या संध्याकाळी तिनं हातपाय धुतले. देवापुढं बसली, गळ्यातली माळ काढून कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आणि मग तोंड उघडून पट्टी लाव म्हणून मला खूण केली. मला वाटलं, गळा सुजलाय, मणी टोचत असतील. त्यानंतर ती झोपली. शेवटपर्यंत झोपत होती, पेजही घेत होती. तेवढं तुझ्या पट्टीनं दिलं.

जायच्या आधी थोडे दिवस मी विचारलं, सूज उतरलीये, माळ घालू का. तिनं पाटी मागितली. सावकाश लिहिलं. नव्या पट्टीला वरीस लागतं, आसं पोरीनंच लिवलं हुतं आन तुमीच मला वाचून दावलं हुतं. मग म्हैन्यात कशी झाली? मला दुखत हुतं ते मी सोसलं असतं. तुमी भिताडाकडं तोंड करून रडत हुता, ते बघवंना. पोरीला ह्यातलं कळू दिऊ नका.

मी तिचा शब्द मोडून तुला लिहितोय, कारण एकट्याला हे उचलत नाही.

तिला आंघोळ घातल्यावर बायका माळ शोधायला लागल्या. मनुबाई म्हणाल्या, की सुटली असेल तर राहू दे, सुटलेली माळ तशी घालत नाहीत. मी देवघरातून ती आणली आणि माझ्या हातानं तिच्या गळ्यात घातली. देवानं तिला विचारलंच, तर तिनं सांगावं, की नवऱ्यासाठी उतरवली होती आणि नवऱ्यानंच परत घातली.

तू काम थांबवू नकोस. चिंचोक्याची पट्टी पुरी कर.

आता या घरात पत्र मनातल्या मनात वाचलं तरी चालतं. तरी लिहीत जा.

तुझा काका,
उदयसिंह