खुरांचा हौद

४ नोव्हेंबर
परवा विकत आणलेली गाय लंगडतेय. बायकोचं म्हणणं, नवी गाय काही दिवस वेगळी बांधायची असते. का? पाहुणी आहे? लंगडणं म्हणजे शुद्ध नाटक. शाळेत पीटीच्या तासाला मी हेच करायचो.

७ नोव्हेंबर
आता तिघी लंगडतात. नाटकाची साथ.
डॉक्टरीणबाई आल्या. खुरामागे लाल जखम, घाण वास. इन्फेक्शन म्हणाल्या. जखम धुवा, स्प्रे मारा, शेण साचू देऊ नका, लंगड्या वेगळ्या बांधा, खुरं तासायचा चाकू आणि गमबूट दरवेळी औषधात धुवा. सगळं मीच करायचं तर यांनी डिग्री कशाला घेतली? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.
स्प्रे घेतला. बाकी माझ्या पद्धतीने.

८ नोव्हेंबर, पहाटे
संकल्प: महिन्याभरात गोठा ठणठणीत. सगळ्यांची खुरं मीच तासणार. चाकू एकच, पण झकास. प्रत्येक गायीनंतर पँटला पुसतो. स्वच्छतेत तडजोड नाही.

११ नोव्हेंबर
हौद बांधला. दूध काढून झालं की गायींनी मोरचुदाच्या औषधी पाण्यातून चालत बाहेर पडायचं. बाई फोनवर म्हणाल्या, चांगला लांब हवा. निम्माच केला. बाईंना सिमेंटचे भाव काय माहीत!
उद्घाटनाला थोरल्या भावाला बोलावलं. पहिल्या गायीने हौदावरून सरळ उडी मारली. मागोमाग बाकीच्यांनी. लंगड्यांनीसुद्धा! नाटकच होतं ना? थोरला पोट धरून हसला. हसायला अक्कल लागत नाही.

१५ नोव्हेंबर
आज एक गाय शहाण्यासारखी हौदात उभी राहिली. शेण टाकून गेली. निळं पाणी हिरवं झालं. बायको म्हणते, बदला. औषध मुरलं की रंग बदलणारच, एवढंही कळत नाही.

१९ नोव्हेंबर
सगळा गोठा लंगडतोय. धड आहे ती फक्त टिकली. टिकली बायकोची, बाटलीने दूध पाजून वाढवलेली, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा विणार. बायकोने तिला मागच्या शेडमध्ये ठेवलंय. आत जाताना वेगळे बूट घालते, आणि मला बंदी! टिकलीला काही झालं तर गोठा मी बघणार, तुम्ही नाही, असं तोंडावर सांगितलं. नाकाने कांदे सोलतात ते असे.

२१ नोव्हेंबर, दुपारी
बायको बँकेत गेली. टिकलीची खुरं वाढलेली दिसली. म्हटलं, सरप्राइज देऊ. चाकू पँटला दोनदा पुसला.

२८ नोव्हेंबर
टिकली लंगडतेय. सकाळी उठेचना.
बायको भांडली नाही. टिकलीच्या गळ्यात पडून रडली. भांडली असती तर उत्तरं तयार होती माझी. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.
हवा बदललीय, त्याचा परिणाम असणार.

१९ डिसेंबर
सगळ्या बऱ्या झाल्या. टिकलीला कालवड झाली. गोठा बायको बघते. तिने बाईंच्या मापाचा लांब हौद बांधून घेतला, पाणीही वेळच्या वेळी बदलते. यात विशेष काय? हौदाची कल्पना मूळ माझीच.
माझा आखूड हौद फोडला नाही. गोठ्याच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी ठेवलाय, म्हणाली. माणसं म्हणजे मी. बुटांसकट उतरायचं, आत जाऊन शेण काढायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. चाकू तिच्याकडे.
आज घाई होती, म्हणून हौदावरून उडी मारली. बायकोने परत पाठवलं. टिकली बघत होती.