तुमच्या नावानं दिलेला शब्द

प्रिय मामा,

पत्र तुम्हाला लिहितेय, पण ते तुमच्याच ओट्यावर मोठ्यानं वाचणार आहे. मागे भिंतीशी नवरे असतील, समोर बायका असतील. ज्यांना ओटीभरणाचं बोलावणं येत नाही, बारशाला ज्यांच्या हातात बाळ देताना त्याची आई घुटमळते, त्या. ज्यांचं पोट अख्ख्या जुन्नर-आंबेगावानं तपासलं, पण ज्यांच्या नवऱ्याला एकदाही कुणी 'तुमचं काय?' असं विचारलं नाही, त्या. त्यांचं गाऱ्हाणं आज तुमच्यासमोर मांडतेय. जिवंतपणी असला विषय निघाला की तुम्ही टोपी उचलून मळ्यात जायचात. आता जाता येणार नाही.

आत्ताच का लिहितेय? कारण येत्या गुरुवारी कोमलच्या माहेरच्यांना बोलावलंय. घोडेगावाहून तिचे वडील आणि भाऊ येतील. चहा होईल. मग त्यांना सांगितलं जाईल, लेकीला घेऊन जा, फारकतीचं बघू. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, हे एक कारण. दुसऱ्या कारणापुढे तर सगळ्यांची बोलतीच बंद होते. दशक्रियेला म्हणे तुम्हाला तसा शब्द दिलाय.

तुमच्या पुतण्याची बायको ही. भाऊ गेल्यावर ज्या सागरला तुम्ही पोटच्या पोरासारखं वाढवलंत, त्याची. तुम्हीच पसंत करून आणलेली. म्हणून घाटावर काय झालं ते तुम्हाला नीट कळायला हवं.

कुकडीच्या काठी पिंड ठेवले होते. पलीकडच्या उंबरावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं, आणि गावाच्या अण्णांची, म्हणजे तुमची, नेहमीची मनधरणी सुरू झाली.

"अण्णा, मळ्याची काळजी सोडा. मोटर आमी बघू."

"वहिनीला काय बी कमी पडू द्यायचो न्हाई."

तुमचा कुणी दोस्त म्हणाला, "आरं, गोड चहा ठिवा राव. डॉक्टरनं साखर तोडली व्हती, त्याच्यावर रुसलं असतील." चहा ठेवला, जिलबी ठेवली, तंबाखूची पुडी सोडून ठेवली. लोक हसले. मीही हसले, मामा, कारण तसला रुसवा तुम्हालाच शोभला असता.

मग सागरची आई, सुमनमामी, पुढे झाली. हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "भावजी, सागरचं दुसरं लगीन लावते. वंश बुडू देत न्हाई. आता तरी शिवा."

आणि कावळा आला.

सगळा घाट हात जोडून उभा राहिला. "मनातलं वळखलं बाईनं," असं चार तोंडांनी झालं. त्याच वेळी वर मांडवात भाषणांसाठी कर्णा जोडत होते. 'हॅलो, हॅलो' असा तो किंचाळला, उंबरावरचे सगळेच कावळे उठले आणि त्यातला एक जिलबीवर उतरला. घडलं ते एवढंच. पण कोमल पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन पायरीवर उभी होती, तिच्याकडे त्या घटकेपासून कुणी सून म्हणून पाहिलेलं नाही.

पुढचं ऐका. मांडवात एकामागून एक पुढारी उठले आणि प्रत्येकानं तुमचं एकच कौतुक केलं. "पत्नीला अपत्य झालं नाही, तरी या देवमाणसानं दुसरं लग्न केलं नाही!" माना डोलल्या. मामी पहिल्या ओळीत बसून ते कर्ण्यावरून ऐकत होत्या. एकाच सकाळी, एकाच घाटावर, दुसरं लग्न न करणं हा तुमचा थोरपणा ठरला आणि दुसरं लग्न लावणं ही तुमची शेवटची इच्छा ठरली. कुणालाही त्यात काही खटकलं नाही. खटकेल कसं? दोन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे, की खोट बाईतच असते. मग तिला ठेवलं तर उपकार, आणि घालवलं तर वंशाचं कल्याण.

माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला. मामींनी नुसती मान हलवली, आणि मी तो खाली ठेवला. घाटघरहून शाळेसाठी तुमच्याकडे राहायला आलेल्या पोरीला टोमॅटोच्या क्रेटवर उभं करून तुम्ही भाषण शिकवलंत. "घाबरतीस कशाला? म्होरं बसलेत ती समदी वांगी समज." त्या दिवशी समोर तुमच्याच घरची माणसं होती. त्यांना वांगी समजणं मला जमलं नाही.

आता तुम्हाला सरळ विचारते. मामींच्या पोटात किती जणांनी हात घातला? कुणी दुर्बीण घातली, कुणी पिशवी साफ केली, एकानं साफ केलेली दुसऱ्यानं पुन्हा केली. वैदूच्या पुडीनं त्यांचं तोंड आलं, आठवडाभर पाणी गिळता येईना. उपास तर विचारूच नका. आणि तुम्ही? तुम्ही मोटरसायकल बाहेर लावून बाकावर पेपर वाचत बसलेले. पुण्यातली एक डॉक्टरीणबाई बाहेर येऊन तुम्हाला म्हणाली होती, "यजमानांचीही तपासणी लागेल." मामींनी आतून ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, "आमच्या घराण्यात तसलं काय न्हाई," आणि दवाखाना बदललात. मामींनी कुठल्या दवाखान्यात जायचं, ते तुमच्या अब्रूनं ठरवलं.

आणि गोठ्यात? गाय उलटली, भरवूनही गाभण राहिली नाही, की वीर्याची कांडी भरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरला तुमचा पहिला सवाल काय असायचा? "कांडी कुठल्या वळूची व्हती?" वळूची आई किती दूध द्यायची, त्याच्या कालवडी कशा निघाल्या, सगळं विचारायचात. "या टायमाला दुसरी कांडी वापरा." माझ्या देखत कितीदा! गाईला नावं ठेवण्याआधी वळूची चौकशी करणारा माणूस, मामा, गोठ्यातून माजघरात येईपर्यंत ही अक्कल कुठे टाकून यायचा?

लागेल असं बोलतेय, माहीत आहे. तुम्ही वाईट नव्हतात. बाजारातून येताना मामींसाठी न चुकता पेरू आणायचात, त्यांच्यावर कधी हात उगारला नाहीत. म्हणूनच राग आहे. वाईट माणसावर कोण एवढी शाई घालवतं?

माझ्या कामाचं तुम्हाला कौतुक होतं. "भाषणाचा पगार मिळायला लागला म्हण की," असं चिडवायचात. सहा जणांची आमची कंपनी. नारायणगावात औषधांच्या दुकानावर दोन खोल्या, एक गाडी, गाडीत तपासणीची छोटी लॅब, आणि पडद्यावर पुण्याची डॉक्टर. मूल होत नसलेल्या जोडप्याला दर खेपेला रोजगार बुडवून, एसटी बदलत पुणं गाठायला लागू नये, जेवढं इथे होईल तेवढं इथेच व्हावं, एवढाच आमचा उद्योग. उद्घाटनाला मी हट्टानं तुम्हाला बोलावलं. आदल्या दिवशी विनवलं होतं, "मामा, एकच वाक्य बोला. नवऱ्यांनो, आधी तुम्ही तपासून घ्या. तुमचं गाव ऐकतं." तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी नारळ फोडलात आणि म्हणालात, "आता आपल्या लेकीबाळींची सोय झाली." टाळ्या पडल्या. आणि पुढचे कितीतरी महिने आमच्या गाडीची पायरी फक्त लेकीबाळी चढत राहिल्या.

एका वाक्याची किंमत काय असते, ते मला तुमच्या न बोललेल्या वाक्यानं शिकवलं.

पुरुष आता येतात, पण कसे, ते सांगते. बेल्ह्याच्या बाजारात गाडी उभी केली की एखादा बैलांचा व्यापारी दोन चकरा मारतो. मग डोक्यावरचं हेल्मेट न काढता आत येतो. "ताई, बीपी बघता का?" बीपी बघतो. तो उठत नाही. "आजून काय काय बघता?" तेव्हा मी डबी पुढे करते आणि सांगते, घरी जाऊन नमुना आणायचा असेल तर तासाभरात आणा, आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा, बर्फात ठेवू नका. एकानं विचारलं, "पिशवी काळी हाय ना?" काळी पिशवी मी मुद्दाम ठेवतेच. त्यांच्या भीतीला मी हसत नाही. पण त्या भीतीची शिक्षा बायकोनं भोगावी, हे मला मान्य नाही. पुष्कळदा साधी गोष्ट निघते. कधी गोळ्या, कधी लहानसं ऑपरेशन, कधी नमुना धुऊन बायकोच्या गर्भपिशवीत सोडायचा. कधी काहीच हाती लागत नाही. पण कळतं तरी. आम्ही कारण शोधतो, मामा, गुन्हेगार नाही.

तुम्हाला काय वाटत होतं? कळलं तर मामी सोडून जातील? त्या गेल्या नसत्या. गावानं त्यांना ठेवलेलं नाव तुमच्या वाट्याला आलं असतं, तर त्यांनी ते तुमच्याबरोबर वाटून घेतलं असतं. तुम्ही त्यांना ती संधीच दिली नाहीत.

परवा घरात यावरून जुंपली. सुमनमामी म्हणाली, "मेलेल्या माणसाला शब्द दिलाय. मोडला तर तळतळाट लागंल."

मामी घेवडा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवरा माझा व्हता. त्याचा तळतळाट मी बघते. आधी सागरला तपासा."

"मला काय झालंय, मोठी आई?" सागर म्हणाला. "दोन-दोन क्रेट खांद्यावर टाकतो."

"क्रेट उचलून पोरं व्हत असती, तर हमालाच्या घरी शाळा भरली असती."

कोमल चुलीपाशी होती. तिला हसू आलं, मग तिनं घाईनं तोंड फिरवलं. सागरनं घेवड्याची एक शेंग उचलून मोडली. मग हळूच म्हणाला, "आन गावाला कळलं तर?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं, मामा. तुमचं आयुष्य आलं, त्याचंही पुढचं येऊ घातलंय.

मामींनी घेवड्याची परात खाली ठेवली. "माझं कळलं व्हतं की गावाला," त्या म्हणाल्या. "मी जगले. तू बी जगशील."

सुमनमामी उठून गेली. तिचा मला राग आहे, पण तुमच्याएवढा नाही. तिला ही रीत कुणी शिकवली? ज्या घरात मोठ्या जावेला उभा जन्म खोट चिकटवली आणि घरचा कर्ता गप्प राहिला, त्या घरात धाकटी दुसरं काय शिकणार? दुसरं लग्न लावा असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुमच्या गप्प बसण्यातून प्रत्येकानं आपल्याला हवं ते काढलं. पुढाऱ्यांनी देवमाणूस काढला, सुमनमामीनं शेवटची इच्छा काढली.

सगळे पांगल्यावर मामी मला म्हणाल्या, "तू त्यांला लिही. माझं बोलणं त्यांला रुचायचं न्हाई, तुझं ऐकायचे. लिही, आन गुरुवारी समद्यांम्होरं वाच." त्या दिवशी मांडवात मान हलवून मला थांबवणाऱ्या त्याच मामी.

म्हणून मामा, वचन देते. घाटावर तुमच्या नावानं जो शब्द दिला, तो आम्ही मोडणार आहोत. त्याचं पाप लागायचं असेल तर ते मला आणि मामींना लागू दे, आम्ही वाटून घेऊ. तपासणीत सागरचं काही निघो, कोमलचं निघो, दोघांचं निघो, नाहीतर कुणाचंच न निघो, कोमलला या घरातून कुणी घालवणार नाही. उपचार घ्यायचा, मूल दत्तक घ्यायचं की दोघांनीच राहायचं, हे ते दोघं ठरवतील. नदीकाठी जमलेला गाव ठरवणार नाही.

आणि आता ओट्यावर बसलेल्यांना सांगते. सागर, तुला, आणि तुझ्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या प्रत्येक नवऱ्याला. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी आमची गाडी बेल्ह्यात उभी असेल. बायकोला आणू नका, आईला विचारू नका. एकटे या, पायरी चढा, आणि तिच्या आधी स्वतःची तपासणी करून घ्या.

तुमच्यावर चिडलेली, तरी तुमचीच भाची,
वैशाली