काटा दोनशे वीसवर

३ मार्च
खालच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की आमची लाईन १९५ व्होल्टवर येते. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन पीं-पीं करतं आणि बाबा धापा टाकत माझ्याकडे बघतात. आजपासून हा प्रश्न माझा.

४ मार्च
डिमरस्टॅट आणला. नॉब फिरवा, व्होल्टेज वाढवा. दुकानदार म्हणाला, घरात पेशंट आहे तर ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर घ्या, ह्याच्यावर सारखं लक्ष ठेवावं लागतं. ऑटोमॅटिक आळशांसाठी! मी रिटायर्ड माणूस, मला दुसरं काम काय?

५ मार्च, सकाळी ११
नॉब शेवटपर्यंत. डिमरस्टॅटच्या मीटरचा काटा २२०. मशीन गप्प! बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, अहो, एकदा मान वळवून बाबांकडेही बघा, मघापासून पाणी मागतायत. दिलं पाणी. काटा जागचा हलला नाही.

९ मार्च
वेल्डिंग थांबलं की नॉब खाली, सुरू झालं की वर. हात बसलाय आता. बाबा म्हणाले, खुर्ची जरा इकडे वळव, बोलत बसू. म्हटलं, बोलण्यात लक्ष उडतं, जरा दम धरा. हे त्यांना म्हणायला नको होतं.

१२ मार्च
रोजची कटकट कशाला? मुळावरच घाव घालू. नॉब वर ठेवून खाली गेलो आणि वेल्डिंगवाल्याला चांगलं झापलं. वर म्हातारा माणूस श्वासाला महाग झालाय, लाज नाही वाटत? बिचारा वरमला. तिथल्या तिथे बंद केलं त्याने. जिना शीळ घालत चढलो.

१२ मार्च, दुपारी
काटा २७०. खाली वेल्डिंग बंद, लाईन चढली, नॉब होता तिथेच. बाबांचं मशीन जळालं. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर होता म्हणून निभावलं. चूक वेल्डिंगवाल्याची. असं न सांगता बंद करतात का?

१३ मार्च
ताई गाडी घेऊन आली, बाबांना तिच्याकडे घेऊन गेली. तात्पुरतं.

२ एप्रिल
वेल्डिंगवाल्याने गाळा सोडला. लाईन दिवसभर २३०. ताईला फोन केला, बाबांना पाठव, आता एकदम सेफ आहे. ती म्हणाली, बाबा नको म्हणतात. तिकडे तो दिवसभर काट्याकडे बघत बसतो म्हणाले.
मी म्हटलं, तेच तर, एवढं लक्ष दुसरं कोण ठेवणार? तिने फोन ठेवला.
खुर्ची पलंगाकडे वळवली. गादी गुंडाळून ठेवलेली. बसलो थोडा वेळ.