उजवं म्हणाले, हात डावीकडे

४ जून

ती. नक्कीआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण आवाज फुटला असता आणि तू लगेच बॅग भरून निघाली असतीस. म्हणून पत्र.

पेपरात वाचलंसच. जमीन सोडली न सोडली तोच उजव्या इंजिनात धडाका झाला, अख्खं विमान थरथरलं. कॅप्टननी ते शांतपणे वर नेलं. पुरेशी उंची येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला धडा. मग बिघडलेलं इंजिन बंद करायचं. को-पायलट म्हणून ते काम माझं. स्विचवर हात ठेवायचा, कॅप्टनना विचारायचं, त्यांनी बघून हो म्हटलं की मगच बंद.

मी उजवं म्हणाले, आत्या, आणि हात ठेवला डाव्यावर. चांगल्या इंजिनाच्या स्विचवर! कॅप्टन एवढंच म्हणाले की थांब, पुन्हा बघ. मी हात बदलला. एका इंजिनावर विमान उडतं. बारा मिनिटांत परत उतरलो. दोन्ही बंद पडली असती तर खाली नुसती घरांची छपरं होती.

इथे बाबा दारात येणाऱ्या प्रत्येकाला माझा पराक्रम ऐकवतात. वरच्या काकूंनी केक आणला, वर साखरेचं विमान. एकाच पंखाचं, दुसरा जिन्यात पडला म्हणे. मी तो तसाच फ्रीजमध्ये ठेवला.

पंधरा तारखेपर्यंत लेखी जबाब द्यायचाय. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये माझं उजवं आणि त्यांचं थांब ऐकू येतं. हात कुठे होता ते दिसत नाही. कॅप्टन म्हणाले की हाताचं लिहायचं की नाही ते तू ठरव, पण मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. लिहिलं तर कदाचित उडणंच बंद होईल. काय करू?

लोभ आहेच, सध्या जरा जास्तीचा पाठव.
तुझी भिंगरी


८ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बॅग भरली होतीच, परत रिकामी केली.

गॅस बंद केलास, नक्की? कडी लावलीस, नक्की? या माझ्या टुमण्याला वैतागून तू मला नक्कीआत्या म्हणायला लागलीस. आत्याला स्वतःच्या नाकाचीसुद्धा खात्री नसते, असंही म्हणायचीस. ही सवय कुठून लागली, ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

वॉर्डात इंजेक्शन भरण्यापूर्वी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्या नर्सनं ते बघायचं, अशी आमची रीत. फार वर्षांपूर्वी एका सकाळी मी नाव बरोबर उच्चारलं आणि हातात होती शेजारची बाटली. बरोबरच्या उंच सिस्टरनं माझं मनगट धरलं. पेशंटला कळलंही नाही. तो मला बाहेर ऊन पडलंय का ते विचारत होता. आम्ही दोघींनी ते वहीत लिहिलं नाही. नन्सच्या शाळेतली मी, अक्षरासाठी बक्षिसं मिळवलेली. त्या दिवशीची ओळ कोरी ठेवली.

त्या दोन बाटल्या तशाच एका फळीवर शेजारी-शेजारी राहिल्या. पाच महिन्यांनी गालावर तीळ असलेल्या एका नव्या मुलीनं तीच चूक केली. रात्रपाळीत ती एकटीच होती, तिचं मनगट धरायला कुणी नव्हतं. पेशंट सहा दिवस झुंजून वाचला, मुलीची नोकरी गेली. रडत तिनं मला विचारलं की सिस्टर, असं आणखी कुणाच्या हातून होतं का हो? मी तिला पाण्याचा ग्लास दिला. तेवढंच.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. लिहायला बसशील तेव्हा तिचा प्रश्न तेवढा आठव.

जेवत जा. माया आहे तशीच आहे, हातासकट.
तुझी आत्या


२७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लिहिलं. हात कुठे होता तेसुद्धा. आधी बाबांना सांगितलं. ते म्हणाले की आता वरच्या काकूंना केक परत करावा लागणार. तेव्हा कुठे दोघं हसलो.

दोन आठवडे उडणं बंद होतं. मग सिम्युलेटरमध्ये बसवून पुन्हा तेच इंजिन बंद पाडलं. या वेळी हात ठेवला, हाताकडे पाहिलं, मगच तोंड उघडलं. पास झाले. माझा जबाब नाव काढून सगळ्यांना वाचायला दिला, तर आणखी दोघांनी लिहून कळवलं की त्यांचाही हात असाच गेला होता. आता सगळ्यांना आधी बघा, मग बोला असं शिकवणार आहेत. सोमवारी उडतेय.

आणि आत्या, त्या तिळाच्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर कधी कुणी दिलं का गं?

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.
भिंगरी


९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. उंच सिस्टरकडून पत्ता मिळवला. ती मुलगी आता आजी झालीय, शिवणाचं दुकान चालवते. चार पानं लिहिली. पाकीट तीन दिवस टेबलावर पडून आहे. इतक्या वर्षांनी तिची जखम कशाला उकरायची, असं मन म्हणतं. ते मन माझ्या सोयीचं बोलतंय, हेही कळतं.

शेवटी पोस्टाच्या पेटीत टाकायचं मलाच आहे. पण रीत म्हणून दुसऱ्याला विचारते. हात पाकिटावर आहे. नक्की?

तुझी आत्या


१३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नक्की.

भिंगरी