पहिलाच गुन्हा

९ मार्च, सोमवार

नेलकटर. एक साधं नेलकटर! पर्समध्ये पैसे होते. घरात दोन नेलकटर आहेत. तरी ते बाहीत सरकवलं आणि दुकानाच्या दाराकडे निघाले. पहारेकरीण हळूच म्हणाली, "मॅडम, जरा आत येता?"

मॅडम! त्या एका शब्दाने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पोलीस. वय त्रेचाळीस. शिक्षण पदवीधर. नोकरी — इस्पितळाच्या औषधभांडाराची प्रमुख. लिहिणाऱ्याने मान वर करून एकदा पाहिलं आणि पुढे लिहू लागला.

११ मार्च, बुधवार

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, पैसे द्यायचे विसरलात म्हणा."

"विसरले नव्हते. मुद्दाम घेतलं."

"मग हे मलाही ऐकवू नका!"

दोन वाटा आहेत. नाकबूल केलं तर वर्षानुवर्षं तारखा. कबूल केलं तर — चोरी किरकोळ, गुन्हा पहिलाच, म्हणून शिक्षेऐवजी वर्षभर नीट वागण्याच्या हमीपत्रावर सोडतील. नोकरी बहुधा वाचेल. शिक्षा झाली तर भांडाराच्या चाव्या गेल्याच. आधी न्यायालयाचा अधिकारी घरी येऊन चौकशी करणार.

"सगळी मदार 'पहिलाच'वर आहे. पहिलाच ना?"

मी मान डोलावली.

१२ मार्च, गुरुवार

पहिलाच नाही. पकडले गेले पहिल्यांदा. याआधी दोनदा.

हे इथे, या पानावर लिहायलाही चार दिवस लागले. भांडारात एक गोळी कमी भरली तर मी अख्खी पेटी पुन्हा तपासते, हाताखालच्या मुलींना बोलते. कुठल्या तोंडाने बोलते?

१५ मार्च, रविवार

यांना फोनवर सांगितलं. बदलीच्या गावाहून एवढंच — "पैसे नव्हते का गं जवळ?" शेवटी, "आईला तू सांग."

१८ मार्च, बुधवार

सांगितलं. शाळेतला खडू घरी नेला म्हणून मुलींना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या मुख्याध्यापिका होत्या सासूबाई! मटार सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"घरात दोन आहेत की."

"हो, आई."

"हं. किती वाजता येणार ते साहेब?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च, मंगळवार

अधिकारी आले. चपला दाराबाहेर नीट काढून ठेवल्या. वहीत बघत सासूबाईंना विचारलं, "सून म्हणून कशी आहे?"

"फटकळ. भाजीत मीठ घालताना हात आखडतो. पण कामाला वाघ."

"याआधी असं कधी काही?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"नाही." — शाळेतला तोच खणखणीत आवाज.

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली सासूबाईंची सही. जन्मात खोटं न बोललेली बाई, आणि माझ्यामुळे तिच्या नावावर खोटं चढलं — तेही तिला नकळत! तेव्हाच बोलायला हवं होतं. चाव्या आठवल्या. तोंड उघडलं नाही. मी भित्री आहे, एवढंच नाही. मी सोयीस्कर भित्री आहे.

७ एप्रिल, मंगळवार

सहा मिनिटं. एका वर्षाचं हमीपत्र. जामीनदार सासूबाई. "पुन्हा असं होऊ देऊ नका," न्यायाधीश म्हणाले. वकीलबाई हसल्या, "सुटलात!"

कुठली सुटले? जिन्यावरून उतरताना सासूबाईंनी माझा हात धरला होता. मला तो काढून घ्यावासा वाटत होता.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी सांगून टाकलं. "आई, ते पहिल्यांदा नव्हतं."

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "ठाऊक आहे. कपाटातली ती फणी आणि आरसा मी मागच्या वर्षीच दुकानात परत ठेवून आले."

मग चष्मा काढला.

"ठेवताना माझे हात लटपटत होते गं. उचलताना तुझे लटपटले होते का?"